किष्किंधेची फौज

हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांवाचून सैन्याला पूर्णता नाही, असा आपल्या प्राचीन राजनीतीचा दंडक असताना वाल्मीकीने आपल्या महाकाव्यातील निर्णायक युद्ध ज्या फौजेकडून लढविले, तिच्यापाशी पहिल्या तीन अंगांपैकी एकही नव्हते. आणि चौथे जे होते, त्याची सारी शस्त्रसामग्री म्हणजे मुळासकट उपटलेले वृक्ष, डोंगरकड्यांवरून सुटे केलेले धोंडे, आणि तेही हाताशी नसतील तेव्हा नखे व दात. सुग्रीवाच्या या वानरसैन्याचे पराक्रम आपल्याकडे कीर्तनकारांनी घरोघर पोचविले आहेत. एकनाथांनी भावार्थरामायणात त्यांचा विस्तार केला, आणि समर्थांना तर त्यांची एवढी ओढ की रामकथेपैकी त्यांनी सुंदर व युद्ध ही दोनच कांडे रचावयास घेतली. परंतु पराक्रमाच्या या गजरात त्या फौजेच्या कारभाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः मूळ रामायण सावकाश वाचू लागले म्हणजे आश्चर्य वाटते ते वानरांच्या उड्डाणांचे नव्हे. ज्या कवीने हे अरण्यातील साम्राज्य कल्पनेने उभारले, त्याने त्याच्या सैन्याच्या मागे मुदत, रसद, ओळख, पळापळ आणि बक्षीस या खऱ्याखुऱ्या लष्कराच्या साऱ्या विवंचना लावून दिल्या, याचे वाटते.

किष्किंधेचे स्थान तुंगभद्रेच्या काठी, हंपीसमोरच्या आनेगुंदीच्या परिसरात होते, असे परंपरा मानते. तेथील टेकड्या म्हणजे एकावर एक ठेवलेल्या अजस्र गोलसर शिळांच्या राशीच होत. हा मुलूख पाहिलेल्या माणसाला वानरांच्या हातात धोंडेच का आले, हे निराळे सांगावे लागत नाही.

या राज्याला खजिना असल्याचे वर्णन आहे, राजवाड्याचे आहे, अंतःपुराचे तर फारच रसाळ आहे. पण फौजेला पगार दिल्याचा उल्लेख मात्र कोठे आढळत नाही. उभी शिबंदीही फारशी दिसत नाही. निरनिराळ्या पर्वतांवर आणि वनांत आपापल्या यूथांसह राहणारे सरदार, आणि राजाचा हुकूम सुटला की त्यांनी जमाव घेऊन हजर व्हावयाचे, असा हा मामला आहे. यूथाचा नायक तो यूथप, आणि त्याच्यावरचा तो यूथपयूथप. वालीच्या वधानंतर सुग्रीव गादीवर आला, पावसाळा लागला, राम प्रस्रवण पर्वतावर दिवस मोजीत बसला आणि नवा राजा अंतःपुरात रमला. शरद ऋतू आला तरी त्याची हालचाल दिसेना, तेव्हा हनुमंताने त्याला दिल्या वचनाचे स्मरण करून दिले आणि सुग्रीवाने नीलाला फौज जमविण्याची आज्ञा केली. त्या आज्ञेत मुदत होती पंधरा रात्रींची, आणि मुदत टळल्यास शिक्षा होती देहान्ताची. पुढे संतापलेला लक्ष्मण किष्किंधेत येऊन थडकला, ताराने मोठ्या चातुर्याने त्याला शांत केले, आणि त्यानंतर हनुमंताकरवी जो दुसरा तगादा गेला, त्यात मुदत दहा दिवसांवर आली. शिक्षा तीच राहिली. महेंद्र, हिमालय, विंध्य, कैलास, मंदर अशा दूरदूरच्या पर्वतांवर जासूद धावले. हाताशी पगार नसलेला राजा धाकावर फौज उभी करतो, हे इतिहासात आपण पुष्कळदा पाहतो. वाल्मीकीनेही ते लपविले नाही.

जमलेल्या फौजेची संख्या हा मात्र अगदी निराळा प्रकार आहे. कोटी, शंकू, वृंद, पद्म, खर्व, समुद्र, ओघ अशी चढती परिमाणे रावणाचा हेर शुक त्याला प्रासादाच्या गच्चीवर उभा राहून ऐकवितो, आणि ती ऐकता ऐकता आपली खानेसुमारीची सवय मुकाट्याने हात टेकते. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, गच्चीवरून समोर पाहणाऱ्याच्या छातीत भरलेल्या धडकीचे आहेत, असे समजून पुढे जावे हे उत्तम.

सीतेच्या शोधासाठी जी चार पथके निघाली, त्यांची योजना मात्र अगदी नेटकी आहे. पूर्वेला विनत, पश्चिमेला ताराचा पिता सुषेण, उत्तरेला शतबली आणि दक्षिणेला युवराज अंगद, त्याच्याबरोबर हनुमान व जांबवान. प्रत्येकाला सुग्रीवाने वाटेतले देश, नद्या, पर्वत यांची इतकी तपशीलवार माहिती दिली की रामाने चकित होऊन विचारले, तुला ही सारी पृथ्वी ठाऊक कशी? त्यावर सुग्रीवाने दिलेले उत्तर मला साऱ्या किष्किंधाकांडात अत्यंत मानवी वाटते. वाली जिवावर उठला असताना जीव वाचविण्यासाठी चारी दिशांना पळत फिरलो, त्या पळण्यात पृथ्वी पाहून झाली, असे तो सांगतो. परागंदा झालेल्याचा भूगोल राजा झाल्यावर असा उपयोगी पडला.

मुदत एक महिन्याची होती. तीन पथके रिकाम्या हातांनी पण वेळेवर परतली. चौथे स्वयंप्रभेच्या विवरात अडकले, आणि बाहेर येऊन पाहते तो मुदत उलटून गेलेली. येथे या फौजेच्या रचनेतली खरी चीर दिसते. अंगद हा मारल्या गेलेल्या राजाचा मुलगा आणि मारविणाऱ्या राजाचा युवराज. चुलता आपल्याला या निमित्ताने सोडणार नाही, असे तो उघड बोलू लागतो, आणि विवरातच कायमचे राहावे असा बेत निघतो. बंडच म्हणावयाचे ते. हनुमंत त्या वेळी बळाचा प्रयोग करीत नाही. तो इतर वानरांची मने एकेक करून फोडतो, अंगदाला सांगतो की वानर जात्याच चंचल, बायकामुलांवाचून हे तुझ्यापाशी फार दिवस टिकणार नाहीत, आणि लक्ष्मणाच्या बाणांपुढे हे विवर पानाच्या द्रोणासारखे फाटेल. सैन्यातला मुत्सद्दी कसा असावा, याचा हा नमुना आहे. बंड जिरले, पण परत जाण्याचे धैर्य तरीही कोणाला झाले नाही, आणि सारे प्रायोपवेशन करून बसले. सीतेचा ठाव सांगणारा संपाती तेथे आला नसता तर पुढचे रामायणच घडले नसते.

सीतेचा शोध लागल्यावर हेच पथक परतताना सुग्रीवाच्या राखीव मधुवनात शिरले, आणि मध पिऊन त्याने जो धुमाकूळ घातला तो वाचताना छावणीत दीर्घकाळ राहिलेल्या कोणालाही हसू आवरणार नाही. कोणी गातो आहे, कोणी नाचतो आहे, कोणी उगाच हसतो आहे. वनाचा रखवालदार दधिमुख, जो खुद्द राजाचा मामा, तो अडवावयास गेला तर त्याला मार बसला, आणि मदाच्या भरात अंगदाला आपण घरातल्याच वडीलधाऱ्याला लोळवीत आहोत याचेही भान राहिले नाही. दधिमुख गाऱ्हाणे घेऊन सुग्रीवाकडे गेला. सुग्रीवाने ते ऐकून घेतले आणि तत्काळ ताडले की कार्य फत्ते झाले आहे. तसे नसते तर मुदत चुकवून आलेल्यांची माझ्या मधुवनाकडे वाकडी नजर करण्याची छाती झाली नसती. ज्या धाकाने अंगदाला बंडापर्यंत ढकलले होते, त्याच्याच मापाने राजाने विजयाची वार्ता मोजली.

कूच झाले ते उत्तरा फाल्गुनी नक्षत्रावर, भर माध्यान्ही. कूचाची मांडणी वाचताना आपल्याला थेट मराठी फौजांची बिनी आणि चंदावल आठवते. पुढे नील, आपल्या लाखभर वानरांसह वाट शोधीत. त्याला ताकीद अशी की फळे, मुळे, मध आणि गोडे पाणी असलेल्या मार्गानेच फौज न्यावी, आणि शत्रू वाटेतली फळे व पाणी विषाने दूषित करील, त्यावर नजर ठेवावी. आघाडीला गज, गवय, गवाक्ष. उजव्या अंगाला ऋषभ, डाव्या अंगाला गंधमादन. मध्ये हनुमंताच्या खांद्यावर राम व अंगदाच्या खांद्यावर लक्ष्मण. पिछाडीला जांबवान, सुषेण आणि वेगदर्शी. ज्या सैन्याची रसद झाडांवर लटकत असते त्याला बैलांचे तांडे नकोत, पण म्हणूनच त्याची वाट झाडेच ठरवितात, हे कवीने अचूक हेरले आहे. गावे आणि वस्तीचे मुलूख टाळून ही फौज गेली, असेही तो सांगतो. फौज गावावरून गेली म्हणजे शेताचे काय होते, हे ज्याला माहीत आहे त्याला या एका वाक्याचे मोल कळेल.

समुद्रावरच्या सेतूची कथा सर्वश्रुत आहे. माडगूळकरांनी गीतरामायणात तिला एक स्वतंत्र गीतही दिले. रामनाम लिहिल्याने शिळा तरंगल्या, ही लोकांची लाडकी कथा मात्र वाल्मीकीत नाही. त्याच्याकडे आहे ते बांधकामाचे खाते. विश्वकर्म्याचा पुत्र नल हा मुख्य. कोणी सूत्र धरून रेषा साधतो आहे, कोणी मापाचे दंड घेऊन उभा आहे, थोर शिळा यंत्रांनी वाहून आणल्या जात आहेत, साल, अर्जुन, ताड, वेळू, बेल, आंबा, अशोक असे वृक्ष भरावात पडत आहेत. रोजचे कामही नोंदलेले आहे: पहिल्या दिवशी 14 योजने, दुसऱ्या दिवशी 20, मग 21, 22 आणि पाचव्या दिवशी 23. बेरीज बरोबर 100 येते. हाताला वळण पडत जाते तसा कामाचा उरक वाढतो, हे त्या चढत्या आकड्यांत आहे. एरव्ही पद्म-खर्वांची उधळण करणारा कवी येथे एखाद्या मुकादमाप्रमाणे रोजनिशी लिहितो.

लंकेभोवती मोर्चे लागले. पूर्वद्वारी नील, दक्षिणेला अंगद, पश्चिमेला हनुमान, उत्तरेला, जेथे स्वतः रावण होता तेथे, राम व लक्ष्मण, आणि मधल्या गोलात सुग्रीव, जांबवान व बिभीषण. याच वेळी रामाने एक हुकूम काढला, आणि माझ्या मते या फौजेसंबंधी इतके मार्मिक दुसरे काही रामायणात नाही. वानर इच्छेप्रमाणे रूप घेणारे, राक्षसही तसेच मायावी. तेव्हा युद्धात कोणाही वानराने मनुष्यरूप घेऊ नये, वानरपण हीच आपली खूण असावी, आणि मनुष्यरूपात सातच जण लढतील: आम्ही दोघे भाऊ, बिभीषण आणि त्याचे चार सोबती. अंगावर वर्दी नसलेल्या या सैन्याची कातडी हीच वर्दी झाली. आणि एवढे करूनही पहिल्या रात्रीच्या अंधारात, तू राक्षस का, तू वानर का, असे ओरडत दोन्हीकडचे एकमेकांवर तुटून पडले, हे कवीने सांगितलेच आहे.

ही फौज शूर होती, पण ती पळतही असे, आणि वाल्मीकी तिचे पळणे झाकीत नाही. जागा झालेला कुंभकर्ण रावणाच्या महालाकडे जाताना दिसला मात्र, वानर दिशा फुटेल तिकडे धावले. तेव्हा बिभीषणाने सुचविलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे: हा कोणी जिवंत राक्षस नव्हे, उभे केलेले एक यंत्र आहे, असे सैन्यात सांगा, म्हणजे त्यांची भीती जाईल. यंत्राची भीती कमी आणि जिवंत देहाची अधिक, असा तो काळ. पुढे गाठ पडली तेव्हा ती युक्ती टिकली नाही. अंगदाने पळणाऱ्यांना, घरी बायका हसतील, असे बजावले; त्यावर त्यांनी दिलेले उत्तर असे की ही थांबण्याची वेळ नव्हे, आम्हांला आमचा जीव प्यारा आहे. देहान्ताची शिक्षा फर्मावून गोळा केलेल्या शिपायांनी युवराजाला तोंडावर दिलेले हे उत्तर कवीने जसेच्या तसे ठेवले, त्यांना कोठेही भेकड ठरविले नाही. आणि अंगदाच्या समजावणीने ते परत फिरले, हेही त्याने तितक्याच सरळपणे लिहिले.

मग ही फौज अखेर कशावर टिकली, याचे उत्तर मला इंद्रजिताच्या ब्रह्मास्त्रानंतरच्या रात्रीत सापडते. दिवसाच्या पाचव्या भागात 67 कोटी वानर पडले. राम-लक्ष्मणही निश्चेष्ट आहेत. अंधारात हनुमान आणि बिभीषण हातात पलिते घेऊन प्रेतांच्या राशींतून, कोणी जिवंत आहे का, ते पाहत फिरत आहेत. एका ठिकाणी बाणांनी भरलेला वृद्ध जांबवान सापडतो. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो बिभीषणाला आवाजावरून ओळखतो, आणि पहिला प्रश्न विचारतो तो, हनुमान जिवंत आहे ना? बिभीषण चमकतो. रामाची नाही, लक्ष्मणाची नाही, सुग्रीव-अंगदाचीही नाही, आणि हनुमंताची विचारपूस आधी का, असे तो थोड्या नाराजीनेच विचारतो. जांबवान म्हणतो, तो जिवंत असेल तर ही मेलेली फौजही जिवंतच आहे, आणि तो गेला असेल तर आम्ही जिवंत असूनही मेल्यासारखे. इतक्यात हनुमान पुढे होऊन म्हाताऱ्याचे पाय धरतो, आणि म्हातारा त्याला लगेच कामाला लावतो: हिमालयावर जा, मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानी या चार वनस्पती घेऊन ये. राजाच्या धाकाने जमलेल्या या सैन्याचा जीव राजात कधीच नव्हता. तो एकमेकांच्या भरवशात होता, आणि हे सांगावयास कवीने निवडला तो त्या फौजेतला सर्वांत जुना शिपाई.

रावण पडल्यावर इंद्र रामाला वर मागावयास सांगतो. रामाने मागितले ते या वानरांसाठी: मेलेले उठावेत, त्यांच्या जखमा भराव्यात, आणि ते जेथे राहतील तेथे अकालीही फळे-मुळे असावीत, नद्या निर्मळ वाहाव्यात. अरण्यातल्या शिपायाला याहून चांगले वतन कोणते देता येणार? पुढे निघण्यापूर्वी रामाने बिभीषणाला सांगून साऱ्या वानरांना रत्ने व द्रव्य वाटविले. ज्यांनी कामगिरी बजावली त्यांना मान मिळाला नाही तर सैन्य राजाला सोडून जाते, हेही त्याने तेथे बोलून दाखविले. मग ही मंडळी अयोध्येला आली. लंकेभोवती जे रूप घेण्याची त्यांना सक्त मनाई होती ते मनुष्यरूप येथे त्यांनी हौसेने धारण केले, सारे दागदागिने घातले, आणि आयुष्यात ज्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते अशा 9,000 हत्तींवर बसून नगरीत प्रवेश केला. अभिषेकासाठी चार समुद्रांचे पाणी आणावयाचे काम निघाले तेव्हा मात्र घागरी घेऊन धावले ते जांबवान, हनुमान, वेगदर्शी आणि ऋषभच. समारंभ आटोपला, देणग्या मिळाल्या, आणि फौज जशी जमली होती तशीच, यूथायूथाने, आपापल्या डोंगरांकडे पांगली.