एक गोणी, एक रोज

सकाळी ६.३०
सिल्लोड तालुक्यातलं एकरभर रान. मका पेरून महिना झालाय, गुडघ्याला लागतोय. परवा पाऊस पडून गेला. आज वाफसा आहे. नत्राचा दुसरा हप्ता आजच द्यायचा.

सकाळी ७.००
बांधावर युरियाची ४५ किलोची गोणी. किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्यातला ३५ किलो आज लागेल. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरात ३३ हजार झाडं बसतात, म्हणजे झाडामागे ग्रॅमभर. रोजानं आलेल्या मावशी घमेलं कमरेला टेकवतात नि चालता चालता बुडाशी, पण खोडापासून चार बोटं लांब, युरिया सोडत जातात. पोंग्यात दाणा पडला की पान करपतं. मागून बैलांचं कोळपं माती ओढून घेतं. युरिया उघडा राहिला तर त्यातला काही नत्र अमोनिया होऊन उडतो, मुळाला मिळत नाही. सगळ्या ओळी सलग धरल्या तर साडेसहा किलोमीटरच्या वर चाल होते. तीही वाकून.

सकाळी १०.००
कडेच्या चार ओळी मागे पडल्यात. पानांच्या कडा जांभळ्या. स्फुरदाची ओढ आहे. डीएपी तर सगळ्या रानाला सारखंच पेरलं होतं.

"इथवर शेणखत पुरलं नाही," मालक सांगतात.

या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो. शेणखत कुजताना निघणारी आम्लं त्याला थोडं थोडं सुटं करतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही तेच करतात, पण त्यांना जगायला सेंद्रिय खत नि ओल लागते. नुसत्या गोणीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी या चार ओळी पाहाव्यात असं मला फार वाटलं.

दुपारी १.००
भाकरी, ठेचा, कांदा. मावशी आधी साबणानं हात धुतात.

"चुरचुरतं का, मावशी?"

"भेगेत गेला की चुरचुरणारच. हातमोजा घातला तर दाणा किती सुटला ते कळत नाही."

दुपारी २.३०
जिवाणू खताची बाटली झाडाच्या सावलीत आहे. मावशी विचारतात, हीपण आजच द्यायची का? नाही. रासायनिक खताबरोबर दिली तर जिवाणू मरतात. आठवड्यानं, शेणखतात कालवून.

सायंकाळी ५.३०
मावशींचा रोज ३०० रुपये. गोणीपेक्षा साडेतेहतीस रुपये जास्त. उरलेला १० किलो युरिया मालक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधतात, नाहीतर ओल धरून त्याचा गोळा होतो.

"पंधरा दिवसांनी शेवटचा हप्ता आहे. याल ना, मावशी?"

"आदल्या दिवशी सांगा, भाऊ. तेव्हा कापसाच्या निंदणीला पण बोलावतात."