लाकडी घर हप्त्याहप्त्यानं सजवावं

जानकीपुरम ही लखनौच्या उत्तर अंगाची वसाहत. तिथून सीतापूर रस्त्याला लागलं की बक्षी का तालाबच्या आमराया येतात आणि तोच रस्ता पुढे लखीमपूरमार्गे दुधव्याच्या सालवनाकडे जातो. या पट्ट्यात गावाकडच्या जमिनीवर लाकडी घर बांधावं आणि ते पाहुण्यांना भाड्यानं द्यावं, असं ज्याच्या मनात असेल त्याला उत्तर प्रदेश सरकारच्या २०२५च्या होमस्टे धोरणानं वाट मोकळी करून दिली आहे. एक ते सहा खोल्यांची नोंदणी त्यात होते. बांधकामाचं गणित बहुतेक जण नीट मांडतात. घोळ होतो तो आतल्या सामानाचा. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात पलंग, कपाटं, टेबलखुर्च्या असा सगळा संच एका ट्रकमधून उतरवला जातो आणि घर ‘तयार’ झालं म्हणून कुलूप लागतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. असल्या घराचं फर्निचर जवळच्या सुताराकडून, हातानं आणि दोन-तीन वर्षांत थोडंथोडं करून घ्यावं. हौस किंवा परंपरा सोडा, निव्वळ व्यवहार म्हणूनही हेच परवडतं.

याचं पहिलं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. लखनौकडे मे महिन्यात लू वाहते तेव्हा दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. ऑगस्टात तीच ऐंशीच्या घरात असते. एवढ्या फरकात दोन फूट रुंदीचं टेबल अर्धा सेंटीमीटर सहज फुगतं आणि आक्रसतं. श्रावणात दार अडकलं म्हणून रंधा मारून घेतला, तर उन्हाळ्यात त्याच दारात बोट जाईल एवढी फट पडते. जाणता सुतार पावसाळ्यात फक्त खूण करून ठेवतो आणि लाकूड सुकल्यावर, तेही हात राखून, छिलतो. टेबलाची फळी तो चौकटीला गच्च ठोकत नाही. स्क्रूचं भोक लांबट ठेवतो, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. नॉर्वे-फिनलंडमध्ये ओंडक्यांवर ओंडके रचून घरं बांधतात. ओल्या ओंडक्यांची भिंत वाळताना काही वर्षांत कित्येक सेंटीमीटर खाली बसते, म्हणून दारा-खिडक्यांच्या वर मुद्दाम फट सोडलेली असते. हे मुरणं जिथे मान्य आहे तिथे घर पहिल्याच दिवशी पुरं व्हावं, असा हट्ट कोणी धरत नाही. (अस्सल ओंडक्यांच्या भिंतीला लाकूड बेसुमार लागतं. अवधच्या उन्हात ती चैन कशाला? लाकडी सांगाडा आणि मातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती इथे जास्त शहाणपणाच्या. तराईतल्या थारूंची घरं वर्षानुवर्षं तशीच उभी आहेत.)

दुसरं कारण पाहुणे. कोणती वस्तू कुठे हवी, हे घरमालकाला आधी कळत नाही. बॅगा पलंगावरच उघडल्या जातात, असं दिसलं की पायथ्याशी बुटकं बाकडं लागतं. ओले टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पडून पॉलिश पांढरं पडायला लागलं की भिंतीला खुंट्या हव्यात. व्हरांड्यातली खुर्ची उन्हामागून सरकत दिवसभर फिरते, तेव्हा ती हलकी हवी. एका हंगामात हे सगळं लक्षात येतं आणि पुढच्या हंगामाचं काम ठरतं. एकदम आणलेल्या संचात ही सोय नसते, कारण पैसा आधीच संपलेला असतो.

यावर सरळ आक्षेप किमतीचा. कारखान्यातलं कपाट स्वस्त पडतं, दोन तासांत उभं राहतं, हे खरंच आहे. पण ते बहुधा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं असतं. कडेच्या पट्टीतून एकदा पाणी शिरलं की फळी फुगते, स्क्रूची पकड सुटते आणि पुन्हा तिथे स्क्रू बसत नाही. खाच आणि कुसू यांच्या सांध्यात बसवलेली खुर्ची डुगडुगली तर पाचर मारता येते, एक पाय बदलता येतो. दुरुस्तीच्या बाबतीत बाजेला तोड नाही. वापरानं ती सैलावणार, हे धरूनच पायगतीला वेगळी दोरी ओवलेली असते. तिला लखनौकडे अदवान म्हणतात. ती ओढली की बाज पुन्हा ताठ. विणायला मुंज गवताची दोरी प्रयागराजकडून येते, बसायला सरकंड्याचे मोढे गढमुक्तेश्वरचे मिळतात. हे सगळं हाताचं काम आहे आणि महागही नाही. गादी, पंखा, न्हाणीघरातले नळ मात्र बाजारातून चांगल्या प्रतीचेच घ्यावेत. तिथे हस्तकलेचा आग्रह धरणं म्हणजे पाहुण्याला शिक्षा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यासाठी झाडं तोडायची का? मलिहाबाद, काकोरी, बक्षी का तालाब हा दसरी आंब्याचा मुलूख. मलिहाबादी दसरीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कितीतरी बागा जुन्या, दाट झालेल्या आहेत. रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनं अशा झाडांची थंडीत जाड फांद्यांपर्यंत छाटणी करून त्यांना पुन्हा फळतं करण्याची पद्धत रूढ केली आहे. त्या फांद्या बहुतेक सरपणात जातात. त्यांतून स्टूल, बाकडी, खुंट्या, टेबलाचे पाय सहज निघतात आणि मूळ झाड उभंच राहतं. आंब्याच्या लाकडाचा दोष लपवण्यात अर्थ नाही. ते लवकर काळवंडतं, किडे त्याला पोखरतात. म्हणून कापल्याबरोबर चिरून, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून, सावलीत हवेशीर थप्पी लावून ते वाळवावं लागतं. फळी इंचभर जाड असेल तर यात कित्येक महिने जातात. सामान एका खेपेत होत नाही, याचं हेही एक कारण. झाडच काढायचं असेल तर १९७६च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. बांबूचं तसं नाही. २०१७च्या दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला आहे.

आणि हातानं केलेलं सामान ओबडधोबड, टोचणारं असतं, ही तक्रार? पुष्कळदा ती रास्त असते. सालीसकट ओंडका आडवा टाकून त्याला ‘रस्टिक’ म्हणण्याची फॅशन निघाली आहे. त्यावर दहा मिनिटं बसून बघावं. बैठक जमिनीपासून साधारण पंचेचाळीस सेंटीमीटरवर हवी, पाठ किंचित मागे कललेली हवी, पुढची कड गोल हवी. ही मापं सुताराला नीट समजावून सांगितली तर हातानं घडवलेली खुर्ची कारखान्यातल्यापेक्षा बरी निघते, कारण ती बसून बघून दुरुस्त करता येते.

राहिला वेळेचा प्रश्न. दुधव्याच्या वाटेवरच्या मालकाला तो निसर्गानंच सोडवून दिलाय. दुधवा राष्ट्रीय उद्यान पर्यटकांसाठी जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत बंद असतं. त्यातला पावसाळा मोजमापाचा, छत आणि वाळवी तपासण्याचा. लाकूडकामाला हात घालायचा तो ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. पहिल्या वर्षी पलंग, एक मोठं टेबल आणि बाजारचे मोढे एवढंच पुरे. कपाटं सगळ्यात शेवटी करावीत, कारण रुंद दारांना सगळ्यात जास्त वाळलेलं लाकूड लागतं आणि ते पहिल्या वर्षी कोणाकडेच नसतं.