जुन्या मोटारसायकलीचे मागचे चाक : बदलण्यापूर्वी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

जुनी वस्तू जपण्याची हौस बहुतेकांना असते. परंतु जुने घड्याळ जपणे आणि जुनी मोटारसायकल जपणे यांत मोठा फरक आहे. घड्याळ चुकले तर वेळ चुकते. मोटारसायकलीच्या चाकात चूक राहिली तर स्वार जिवाला मुकतो. १९८०च्या दशकातील वेगवान मोटारसायकली आज संग्राह्य ठरल्या असून त्यांना नव्या गाड्यांचे मागचे चाक व स्विंगआर्म (गॅरेजच्या भाषेत चिमटा) बसविण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली आहे. या बदलात नेमके काय घडते, हे सामान्य वाहनधारकास समजावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बदलाची गरज कशातून निर्माण झाली?

सुझुकीने १९८५ साली बाजारात आणलेल्या जीएसएक्स-आर ७५० या गाडीचे उदाहरण घेऊ. तिची दोन्ही चाके १८ इंचांची होती आणि मागचा टायर १४०/७०-१८ या मापाचा होता. १९८८ साली याच गाडीला १७ इंचांची चाके आली. पुढे वेगवान गाड्यांसाठी १७ इंच हेच माप सर्वमान्य झाले. परिणामी आज उत्तम पकडीचे रेडियल टायर मुख्यतः याच मापात मिळतात. १८ इंचांत निवड तोकडी आहे. म्हणजे मूळ अडचण टायरची आहे, शोभेची नव्हे.

रुंद टायरला रुंद रिम लागते. १८० मि.मी. रुंदीच्या टायरसाठी साधारणतः साडेपाच इंची रिम वापरतात. अरुंद रिमवर तो चढविल्यास त्याच्या कडा आत ओढल्या जातात व मूळ गोलाई बिघडते. एवढे रुंद चाक जुन्या चिमट्याच्या दोन बाहूंमध्ये मावत नाही. म्हणून पुष्कळदा चाकाबरोबर चिमटाही बदलावा लागतो.

थोडा हिशेब

१४०/७०-१८ या टायरची उंची १४०च्या ७० टक्के, म्हणजे ९८ मि.मी. रिमच्या व्यासात ती दोन्ही बाजूंनी मिळविली की एकूण व्यास सुमारे ६५३ मि.मी. होतो. १८०/५५-१७ या टायरचा व्यास याच रीतीने सुमारे ६३० मि.मी. भरतो. व्यासातील फरक २३ मि.मी. असल्याने गाडीचा मागचा भाग जवळजवळ १२ मि.मी. खाली बसतो. दोन चाकांतील अंतर १४३० मि.मी. धरल्यास पुढच्या फोर्कचा कल सुमारे अर्ध्या अंशाने वाढतो आणि वळणावर गाडी मंद प्रतिसाद देते. हा फरक योग्य लांबीच्या शॉक ॲब्सॉर्बरने भरून काढावा लागतो.

चाक लहान झाल्याने त्याच वेगासाठी इंजिनाला साडेतीन टक्क्यांहून थोडे अधिक फिरावे लागते. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते असतील, तर एक किंवा दोन दाते कमी केल्याने गुणोत्तर पूर्वस्थितीच्या जवळ येते.

चिमटा बदलताना

१८० मि.मी.चा टायर १४०च्या टायरपेक्षा प्रत्येक बाजूस २० मि.मी. अधिक जागा व्यापतो. साखळीला वाट मिळावी म्हणून चाकच एका बाजूस सरकविणे ही गंभीर चूक होय. चाक गाडीच्या मध्यरेषेतच असले पाहिजे. सरकवावयाची ती साखळी. त्यासाठी पुढचे स्प्रॉकेट बाहेर घ्यावे लागते, परंतु ते जितके बाहेर जाईल तितका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर वाकविणारा भार वाढतो. या उपायाला म्हणूनच मर्यादा आहे.

नव्या चिमट्याची लांबीही महत्त्वाची. शॉक ॲब्सॉर्बरची जागा तीच राहून चिमटा ५०० मि.मी.वरून ५५० मि.मी. झाला, तर तरफेच्या नियमाने चाकाकडील स्प्रिंगचा ताठरपणा सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. मग जोडीदार मागे बसताच गाडी खचते, आणि दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो. ॲल्युमिनियमच्या चिमट्यावर वाटेल तेथे वेल्डिंग करणेही धोक्याचे आहे, कारण उष्णतेने सांध्याजवळील धातूची ताकद घटते.

जोडणी झाल्यावर स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन पाहावे. टायर कोठे घासत नाही ना, आणि पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ व चाकाचा आस एका रेषेत येताच साखळी ताणली जात नाही ना, याची खात्री करावी.

न दिसणारे भाग

बहुतेक अनर्थ डोळ्यांआड असलेल्या लहान भागांमुळे ओढवतात. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. ती गहाळ झाली किंवा तोकडी पडली, तर आसाचा नट आवळताच बेअरिंगांवर आडवा दाब येतो. गॅरेजमध्ये चाक सुरळीत फिरताना दिसते. परंतु लांबच्या प्रवासात बेअरिंग तापते आणि अखेर फुटते. आसाची जाडी वेगळी असल्यास त्या मापाच्या छिद्राचे बेअरिंगच बसवावे. पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवू नये.

ब्रेकच्या कॅलिपरचा आधारदांडाही भक्कम हवा. तो निसटला तर ब्रेक दाबताक्षणी कॅलिपर चाकाबरोबर फिरू पाहतो, ब्रेकची नळी तुटते आणि चाक जागीच अडकू शकते. यास्तव चाक, आस, नळ्या, कॅलिपर व त्याचा आधार हा सर्व संच शक्यतो एकाच गाडीचा घ्यावा.

कायद्याची बाजू

जर्मनीत असे बदल तांत्रिक तपासणी होऊन वाहनाच्या कागदपत्रांत नोंदविले जातात. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. चिमटा लांबला की चाकांमधील अंतर बदलते, आणि हे अंतर नोंदणीतील एक तपशील आहे, हे विसरता कामा नये. २०१९च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे.

आपल्याकडील राजदूत ३५० सारख्या, आऱ्यांच्या १८ इंची चाकांवर धावणाऱ्या जुन्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांनी म्हणूनच प्रथम मूळ मापाचा चांगला टायर, नवी बेअरिंगे आणि ताणून सरळ केलेले आरे यांचा विचार करावा. त्यापलीकडे जावयाचे असल्यास पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. गाडी जुनी असली तरी रस्ता आजचा आहे, आणि त्यावरून जाणारे इतरही आहेत.