नाशिकची मंडळी

मराठी ख्रिस्ती माणूस ‘चर्च’ हा शब्द बहुधा इमारतीसाठी वापरतो. तिथे जमणाऱ्या माणसांना तो ‘मंडळी’ म्हणतो. नाशिकची मंडळी जवळपास दोन शतकांची आहे. चर्च मिशनरी सोसायटीने इथे १८३२ साली काम सुरू केले. रामकुंड, काळाराम मंदिर आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ यांच्या या क्षेत्रात ख्रिस्ती धर्माने मूळ धरले ते घाटावर नव्हे, गावाबाहेर. आणि तेही मुख्यतः दुसरीकडून आलेल्या, आसरा किंवा पोट शोधणाऱ्या माणसांत. शरणपूरपासून एकलहऱ्याच्या वीज केंद्रापर्यंतची गोष्ट या एका धाग्यावर उलगडते.

शरणपूर रोड आज दुकाने, बँका आणि वाहनांच्या गर्दीचा रस्ता आहे. त्याच्या नावाकडे कुणी थांबून पाहत नाही. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. ही वसाहत १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने उभी केली. धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेले लोक आणि अनाथ मुले इथे राहत. त्यांच्यात आणखी एका गटाची भर पडली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे, आणि सुटका झालेली आफ्रिकन मुले मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांतली बरीच मुले शरणपूरला आली. अक्षरओळखीबरोबर ती सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात.

मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासासाठी इथूनच काही तरुण सोबत नेले. पुढे त्याच्यासाठी धाडलेल्या तुकडीत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा मृत्यूच्या जागेजवळच्या झाडावर त्याचे नाव कोरण्याचे काम जेकबने केले. मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली, तिची उभारणीही प्राइसकडेच होती. शरणपूरचे अनेक आफ्रिकन तिकडे गेले. नाशिकच्या इतिहासात या मुलांना एखाददुसरी ओळही मिळत नाही, हे काही बरे नाही. शरणपूर रोडवरचे संत आंद्रिया चर्च मात्र आजही चालू आहे.

ज्या बाईमुळे मराठी ख्रिस्ती जीवन मराठी घराघरांत पोचले, तीही नाशिककडचीच. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे चालूच. एका छपराखाली दोन धर्म कसे नांदतात, रुसतात आणि हळूहळू एकमेकांना ओळखू लागतात, हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी विनोदाने सांगितले आहे. धर्मांतर हा एका दिवसाचा विधी नसून स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे चालणारा व्यवहार असतो, हे या पुस्तकाइतके सरळ दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

टिळकांचे काम वेगळ्या अर्थाने टिकले. ख्रिस्ती उपासना इंग्रजी चालींच्या भाषांतरांवर चालू नये, अभंग, भजन आणि कीर्तन या वाटेने ती मराठी मनात उतरावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत आणि रविवारी पेटी-तबल्यावर म्हटली जातात. बायका डोक्यावर पदर घेतात, भेटताना एकमेकांना ‘सलाम’ म्हणतात, नाताळला घरोघरी करंज्या तळल्या जातात. हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाजी, नारळ, एखादी कोंबडीही वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपली की आवारात त्यांचा लिलाव होतो, आणि ते पैसे मंडळीच्या खर्चाला जातात.

चर्च अनेक, त्यांची व्यवस्थाही वेगवेगळी. अँग्लिकन चर्चने १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि शरणपूरची अँग्लिकन परंपरा त्यात आली. तिथे पाळकाला संसार असतो. कॅथलिक फादर अविवाहित असतात. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून १९८७ मध्ये वेगळा झाला, थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा करण्याची वाट मोकळी केली. त्याच परिषदेने १९६५ च्या एका घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. यांखेरीज छोटी स्वतंत्र प्रार्थनाघरेही आहेत.

नाशिकरोडची मंडळी शरणपूरपेक्षा वेगळी. ती रेल्वेने, देवळालीच्या छावणीने, १९२५ च्या सिक्युरिटी प्रेसने आणि १९७० पासून वीज देणाऱ्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राने गोळा केली. नोकरीच्या निमित्ताने राज्यभरातून, राज्याबाहेरून माणसे आली आणि आपापली भाषा, आपापला देव घेऊन आली. अशा नोकरदार वस्तीत नाताळचा फराळ शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरात जातो आणि दिवाळीचा परत येतो. जेलरोडला संत अण्णा महामंदिर आहे. कॅथलिक लोक चर्चला ‘मंदिर’ म्हणतात, हे नवख्याला थोडे चकित करते.

शेजार नेहमीच सोपा असतो असे मात्र नाही. नगर-नाशिककडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत साळवे, गायकवाड, शिंदे ही आडनावे तशीच राहिली. मोठा वर्ग पूर्वाश्रमीच्या दलित जातींतून आला. १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशिकचा, धर्मांतराची १९३५ ची घोषणा येवल्याची, आणि १९५६ ची बौद्ध धर्माची दीक्षा नागपूरची. त्यामुळे एकाच भावकीत एक घर बौद्ध, एक ख्रिस्ती, एक हिंदू असे सापडते. कायद्याने मात्र या घरांत भेद केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात दलित ख्रिस्तींना इतर मागासवर्गात धरतात. त्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, या मागणीच्या अभ्यासासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. धर्म बदलला तरी जात गावाच्या डोळ्यांतून जात नाही, हा दलित ख्रिस्तींचा युक्तिवाद खोडणे अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी नोंदले गेले. सवलत टिकावी म्हणून कागदावर धर्म न बदललेले लोक या आकड्यात दिसत नाहीत.

मिश्र विवाह हा आजच्या मंडळीपुढचा रोजचा प्रश्न. कॅथलिक मुलीचे किंवा मुलाचे बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न चर्चमध्ये लावायचे, तर बिशपची विशेष परवानगी लागते. ज्यांना ते नको, ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करतात. फादर आणि पाळक दोघांनाही आता अशा जोडप्यांच्या घरी जावे लागते, आणि मुलांना संडे स्कूलला पाठवायचे की नाही, ही चर्चा बहुधा आजी-आजोबांशी होते.

या सगळ्या सरमिसळीचे मोठे दृश्य बाळ येशूच्या यात्रेत दिसते. नाशिक-पुणे रस्त्यावर सेंट झेवियर्स शाळेच्या आवारातले हे मंदिर. मुंबई, वसई, गोव्याहून गाड्या येतात. मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ अशा भाषांत एकामागून एक मिस्सा होतात. मेणबत्त्यांच्या रांगेत कुंकू लावलेल्या बायका बाळाला कडेवर घेऊन नवस फेडायला उभ्या असतात, आणि त्यांना धर्म कुणी विचारत नाही. यात्रा दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी भरते.