माटोळी : देवावरचे रानाचे छत्र

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की गोमंतकातील हिंदू घरांत गणपतीच्या आसनाइतकीच माटोळीची काळजी सुरू होते. मूर्तीच्या वर छताखाली लाकडाची अथवा बांबूची जाळीदार चौकट टांगावयाची आणि पावसाळ्याने जे जे फुलविले, फळविले ते तिला बांधावयाचे, अशी ही रीत. सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात. फुलांची आरास सर्वत्रच होते; परंतु अवघा ऋतूच देवावर छत्रासारखा धरावा, ही कल्पना आमच्या या किनाऱ्याचे लेणे होय.

माटोळीची शोभा प्रथम तोलात आहे. चौकट चारही कोपऱ्यांनी भक्कम बांधावी. नारळ, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंग अशा जड जिनसा समोरासमोर याव्यात, म्हणजे ती एका अंगाला कलत नाही. मूर्तीच्या थेट माथ्यावर मात्र जड फळ नको. त्यानंतर आंबाडे, दोडके, आंब्याचे टाळे. आणि लवकर कोमेजणारी फुले सर्वांत शेवटी. दोर किवणीच्या सालीचा असल्यास उत्तम. विसर्जनानंतर तो मातीत मिसळून जातो, नायलॉनची दोरी तशीच उरते.

रंगांसाठी दूर जावे लागत नाही. लालभडक कवंडळाशेजारी शेरवडीचा झुबका बांधून पाहावा. तिची जी पांढरी पाकळी वाटते ती वस्तुतः पाकळी नव्हे, वाढलेले निदल आहे. खरे फूल त्याच्या कडेला असलेले इवलेसे केशरी. कळलावीची ज्वाळेसारखी फुले तर नजर खिळवून ठेवतात. मात्र कळलावी सर्वांगी विषारी आहे. ती मुलांच्या हाती लागणार नाही इतकी उंच बांधावी, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि माटोळीची फळे प्रसाद म्हणून वाटताना कळलावी व कवंडळ आधीच वेगळी काढावीत.

इतके झाले तरी एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच मुख्य. पूर्वी घरची माणसे स्वतः रानात जाऊन जिनसा आणीत. आज पणजी, म्हापसे, फोंडे, मडगाव येथील बाजारांत ग्रामीण भागांतील भगिनी त्या घेऊन बसतात आणि आपण भाव करून पिशवी भरतो. सोय झाली, परंतु कोणती वेल कोठे वाढते, तिचे काय तोडावे आणि काय राखावे, हे ज्ञान पिशवीत येत नाही. कळलावीचा वेल पावसाळा सरल्यावर सुकतो आणि पुढल्या वर्षी कंदातून पुन्हा उगवतो. फुलांचे शेंडे खुडले तर वेल टिकतो. कंदासकट उपटला तर ती जागा कायमची रिकामी होते. जिनसांची संख्या हाच माटोळीचा मोठेपणा मानला की असे उपटणे वाढते.

रानातले दुर्मीळ झाले म्हणून प्लास्टिकची फळे टांगण्याचे मात्र कारण नाही. ज्या झेंडूवाचून आज आपला सण साजरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. परंपरेने त्याला आनंदाने आपले म्हटले. मग परसातली जास्वंद, अबोली, काकडी किंवा भोपळा माटोळीला का चालू नये? रानातले थोडे, घरचे पुष्कळ, असा मेळ घातल्यास शोभाही राहील आणि रानही.

यंदा बाजारात जाल तेव्हा विकणाऱ्या बाईंना प्रत्येक जिनसेचे नाव आणि ठिकाण अवश्य विचारावे. माटोळी बांधताना घरातील मुलांना जवळ बसवून ती नावे त्यांच्याकडून म्हणवून घ्यावीत. ज्या वनस्पतीचे नाव घरात कोणालाच ठाऊक नाही, ती रानातून नाहीशी झाली तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही.