खजूर चालतो, तिळगूळ नाही?
(मधुमेहाविषयी काही समज, काही गैरसमज)

संक्रांतीचे हळदीकुंकू यंदा अल मन्सूरात आमच्या घरी झाले. तिळगूळ पुढे करताच एका काकूंनी हात जोडले, "नको गं, शुगर आहे." मात्र शेजारच्या बशीतले तीन खजूर त्यांनी निर्धास्तपणे खाल्ले. "हे देवाघरचं गोड, यानं काही होत नाही!"

बोलता बोलता कळले की सुट्टीत गावी गेल्यावर काकूंनी गोळ्या बंद करून जांभळाच्या बियांची पूड सुरू केली होती. परतल्यावर तपासणी केली, तर तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७ वरून १० वर गेलेली! म्हणून हा लेखप्रपंच.

गूळ, मध, खजूर चालतात : रक्तात गेल्यावर ती साखरच. एका मोठ्या मेदजूल खजुरात सुमारे १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार चमचे. खजूर वर्ज्य नाही, पण तो हिशेबात धरावा. तसाच भातही आणि पोळीही.

आम्ही बारीक, आम्हाला कशाला होईल : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची गंमतशीर तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी आतून तसे असतोच असे नाही. घरात कुणाला मधुमेह असेल, तर बारीक माणसानेही तपासून घ्यावे.

बरे वाटते, मग गोळी कशाला : वाढलेली साखर बरेचदा काहीच त्रास देत नाही. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा मात्र गुपचूप बिघडत राहतात. साखर आटोक्यात दिसते ती गोळीमुळे. कारले, मेथी जेवणात खुशाल असावी, पण गोळीच्या जागी नव्हे.

इन्सुलिन म्हणजे शेवट : जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तो पुढे १३ वर्षे जगला. शरीरात जे कमी पडते ते बाहेरून देणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे व्यसन लागत नाही. टाइप १ मधुमेहात तर त्यावाचून जगणेच नाही.

आता खास आपल्या इथल्या दोन गोष्टी. भारतातले रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतात, इथले मिलिमोलमध्ये. इथला आकडा १८ ने गुणला की तिकडचा मिळतो. उपाशीपोटी ७ आले म्हणून खूश होऊ नका, ते तिकडचे १२६ आहे, आणि मधुमेहाची रेषा तिथेच सुरू होते! दुसरे म्हणजे, उन्हाळ्यात इन्सुलिन गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नये. त्या उष्णतेने ते निकामी होते. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गावी जाताना ते हातातल्या बॅगेत घ्यावे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि सुट्टी संपेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्याही असाव्यात.

औषध बदलायचे किंवा थांबवायचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारी, नातेवाईक आणि आम्हीसुद्धा, सगळे त्यानंतर!

काकूंनी डॉक्टरांना भेटून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. पुढच्या संक्रांतीला त्यांच्यासाठी तिळगुळाची एक छोटी वडी आम्ही आत्ताच राखून ठेवली आहे. फक्त त्या दिवशी खजूर नाही, असे त्यांनीच कबूल केले आहे!