जास्त धुतल्याची गोष्ट

रत्नागिरीच्या आमच्या शाखेत मिरकरवाड्याच्या मासे विकणाऱ्या बायका दुपारी पैसे भरायला येत. टोपल्या बाहेर पायरीवर ठेवायच्या आणि कमरेच्या पिशवीतून ओलसर नोटा काढून काउंटरवर मांडायच्या. रोखपाल नाकाला रुमाल लावून त्या मोजत. मला मात्र त्या आल्या की हायसं वाटे. का, ते सांगायला मला पस्तीसहून अधिक वर्षं लागली. त्या असेपर्यंत माझ्या अंगाच्या वासाचा कुणाला संशय येत नसे.

साल १९८८. दुसऱ्या मुलीनंतर तांबी बसवून घेतली होती आणि काही महिन्यांतच अंगावरून जाऊ लागलं. पातळ, करडं-पांढरं. खाज नाही, दुखणं नाही. फक्त वास, शिळ्या मासळीचा. पाळीनंतर आणि नवऱ्याजवळ गेल्यानंतर तर जास्तच. एकदा मागच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, ‘‘मॅडम, आज मच्छीवाल्या लवकर येऊन गेल्या वाटतं.’’ ‘‘हो ना,’’ म्हणून मी हसले. त्या दिवशी एकही आली नव्हती.

घरी सासूबाईंनी ‘उष्णता’ म्हणून सब्जा दिला. डॉक्टरांनी न तपासता गोळ्या लिहून दिल्या. मीही तपासा म्हटलं नाही. आणि मी धुऊ लागले. सकाळी, दुपारी बँकेतून आल्यावर, रात्री. आधी साबण, मग बादलीत जंतुनाशकाचं झाकण, पुढे पिचकारी आणून आतूनसुद्धा. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर. की मी आणखी धुणार. आपण घाणेरड्या आहोत, एवढं एकच निदान माझ्यापाशी होतं. अशी सहा वर्षं गेली.

१९९४ साली कोल्हापूरला बदली झाली, तिथल्या बाई डॉक्टरांनी पहिल्यांदा टेबलावर झोपवून तपासलं. कागदाची पट्टी लावून आम्लता पाहिली, काचपट्टीवर स्राव घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब टाकला. वास भपकन उठला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाई मात्र गणिताचं उत्तर जुळल्यासारख्या खूश. म्हणाल्या, ‘‘आजपासून आत धुणं बंद.’’

मग त्यांनी जे समजावलं ते कोकणातल्या बाईला चटकन कळण्यासारखं होतं. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, दह्याच्या विरजणातल्यांचेच भाऊबंद. जर्मन डॉक्टर अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचं वर्णन केलं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू साडेचारच्या खाली ठेवतात. त्या आंबटपणात उपटसुंभांची डाळ शिजत नाही. हे पहारेकरी कमी झाले की आधीपासून थोड्या संख्येने असलेले दुसरे जिवाणू माजतात. त्यांतला एक म्हणजे गार्डनरेला. १९५५ साली अमेरिकेत गार्डनर आणि ड्यूक्स या दोघांनी तो या दुखण्याशी जोडून दाखवला. पुढे कळलं की हा एकट्याचा उद्योग नाही, टोळी आहे. ही टोळी ट्रायमिथाइलअमाइनसारखी द्रव्यं तयार करते. शिळ्या माशाला वास येतो तो याच द्रव्याचा! आम्ल घातलं की तो दबतो, म्हणून तर आपण कालवणात आमसूल टाकतो. आणि रक्त व वीर्य आम्लाच्या उलट गुणाचे, म्हणून पाळीनंतर आणि समागमानंतर वास उफाळतो. (म्हणून कुणी आत दही किंवा आमसुलाचं पाणी घ्यायला जाऊ नये. घरच्या विरजणातले जिवाणू वेगळे, ते तिथे वस्ती करत नाहीत.)

म्हणजे मी सहा वर्षं दर दिवशी चोरांना नव्हे, पहारेकऱ्यांनाच धुऊन काढत होते. आतून धुणं हे या दुखण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. नवा जोडीदार किंवा अनेक जोडीदार हे दुसरं, निरोधने धोका कमी होतो. सिगारेट आणखी एक. तांबी असलेल्या बायकांमध्येही प्रमाण काहीसं जास्त आढळतं. तेवढ्यावरून तांबी वाईट ठरत नाही, माझी बाईंनी तशीच ठेवली. पावसाळ्यात टॉवेलखाली लपवून वाळत घातलेले अर्धेओले कपडे ही आपली जुनी खोड, पण तिचा संबंध जास्त करून बुरशीशी. बुरशीचा स्राव दह्याच्या कवडीसारखा आणि खाज जिवघेणी. औषधं दोन्हींची वेगळी, म्हणून दुकानातून अंदाजाने गोळी आणण्यात अर्थ नाही. मला सात दिवसांच्या गोळ्यांनी उतार पडला. दुर्लक्ष करण्याजोगंही हे नाही: गरोदरपणी दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता वाढते, एचआयव्हीसारखे लैंगिक संसर्ग सहज लागतात.

माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या, पगारदार बाईने सहा वर्षं लपवलं, तर इतरांचं काय? याचं उत्तर तेव्हा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, मिळालेलं होतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली आणि दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. कुणी तक्रार घेऊन आली म्हणून नव्हे. गावातल्या बायकांना बोलावून. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, एकेकीला सरासरी तीनहून अधिक. जवळजवळ निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गांचा. आणि त्याआधी कधी तपासणी व उपचार झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के. सरकारी आरोग्यखात्याला तोवर बाई दिसे ती बाळंतपणापुरती किंवा नसबंदीपुरती. पाच वर्षांनी कैरोच्या लोकसंख्या परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ हा शब्द जगाने उचलला. राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक मी निवृत्तीनंतर वाचलं. ८ टक्के या आकड्यापाशी मी आजही थांबते. माझ्या काउंटरवर ओल्या नोटा मांडणाऱ्या, दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या त्या बायकांपैकी कुणालाही मी कधी विचारलं नाही. त्यांच्या टोपलीआड मी माझं लपवत होते. त्या त्यांचं कशाआड लपवत असतील?

हे सगळं आत्ता वर आलं ते पुण्याच्या भाचीमुळे. वर्षभरात तिसऱ्यांदा तोच त्रास. हे वरचेवर उलटतं, तोही त्याचा स्वभावच. ‘‘मावशी, मी तर आत पाणीसुद्धा घेत नाही गं,’’ ती रडवेली झाली होती. मी तिला मेलबर्नच्या संशोधकांचा अभ्यास सांगितला. मार्च २०२५ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एकनिष्ठ जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना त्रास पुन्हा झाला. नवऱ्यालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं, तेव्हा ३५ टक्के. म्हणजे हे जिवाणू पुरुषाकडेही मुक्कामाला असतात आणि परत येतात. इतकी वर्षं बादली घेऊन आम्हीच उभ्या!

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘‘पण त्याला डॉक्टरकडे चल म्हणून सांगायचं कोणी? तो म्हणेल, मला काय झालंय?’’

‘‘घरात आहे का?’’

‘‘आहे.’’

‘‘मग फोन दे त्याच्याकडे.’’